आवडाबाईनं ऐकलेलं चौथं प्रकरण

पुस्तक आवडलं नाही की आवडाबाई ते लिहिणाऱ्याच्या तोंडावर सांगायला एका पायावर तयार असायची. फक्त ते तोंड सापडायचं नाही. मग जो तावडीत येईल त्याला ऐकावं लागायचं. सून श्रेया, खालच्या मजल्यावरच्या बाया, सही घ्यायला आलेला कुरिअरवाला, कुणीही. "यशाचं पुस्तक ऐकलं गं आज," ती सुरू करायची. "पहाटं उठा म्हणतो. उठल्याबरोबर गार पाण्यानं भरपूर अंघोळ करा म्हणतो. अरे मुडद्या, आमच्या नळाला आठवड्यानं पाणी येतं. तुझ्या अंघोळीला काय टँकर लावू?"

तिचे डोळे काचबिंदूनं नेले. डावा पुरता गेला, उजव्याला उजेड आणि अंधार एवढंच कळायचं. नवरा गेल्यावर धाकट्या लेकानं, इंद्रजीतनं, तिला देवगाव रंगारीहून शहरात आणलं, गारखेड्याच्या फ्लॅटमध्ये. वाचायचा तर तिला लहानपणापासून नाद. किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा ती सरळ करून वाचायची. वाचणं बंद झालं तशी बाई बेजार झाली, खामखा सुनेवर खेकसायला लागली. शेवटी श्रेयानं मोबाइलवर बोलणारी पुस्तकं लावून दिली, कानात वायर अडकवून दिली, आणि घराला नवंच खूळ लागलं.

कथा-कादंबऱ्या तिनं पहिल्याच आठवड्यात बाद केल्या. "नसलेल्या माणसांची रडगाणी ऐकून मी काय करू? खरं काही असलं तर लाव." मग खऱ्याची पुस्तकं सुरू झाली. तब्येतीची, इतिहासाची, प्रवासाची, पोरं वाढवायची, श्रीमंत व्हायची. एकेक पुस्तक ती शेवटच्या वाक्यापर्यंत ऐकायची आणि मग त्याची सालं काढायची. किल्ल्यांच्या पुस्तकाबद्दल म्हणाली, "माहिती चांगली हाय, पण वाचणारा प्रत्येक तहाला हुंदके देतो. तह झाला तर झाला, तू काऊन रडतो?" दुष्काळाच्या पुस्तकाबद्दल म्हणाली, "बाईचा आवाज लई गोड. इतकी ढोरं मेली, इतकी गावं उठली, आन् ही बया साबण विकल्यावानी सांगती." पोरं वाढवायच्या पुस्तकात लिहिलं होतं, लेकराला कधीच नाही म्हणू नका. "ह्याला लेकरूच नसंल," आवडाबाईनं निकाल दिला. श्रेया पुस्तकं दीडपट वेगानं ऐकायची, त्यावर पण हिचं म्हणणं होतंच: "एस्टी पकडायचीय का तुला?"

एकच पुस्तक तिनं मनापासून वाखाणलं, सापांवरचं. लिहिणाऱ्यानं स्वतःच वाचलेलं. मध्येच त्याला ठसका लागतो, आणि तो ठसका कुणी काढून टाकला नव्हता. "ह्याला ठावं हाय, म्हणून हा ओरडत नाय," ती म्हणाली. हा कान तिला माहेरानं दिला होता. माहेर फर्दापूरचं, बापाचं चहाचं हॉटेल होतं आणि लेणी दाखवणारे गाइड तिथं बसायचे. कोणता गाइड जाणतो आणि कोणता पाहुण्यांना ठोकून देतो, हे तिला दहाव्या वर्षी आवाजावरून कळायचं. ठोकून देणाऱ्याचा आवाज नेहमी जरा वर असतो, असं ती म्हणायची.

श्रेयानं गंमत म्हणून तिचं बोलणं मोबाइलवर घेतलं आणि बायांच्या ग्रुपवर टाकलं. तिथून ते कुठल्या कुठं गेलं. लोकांना हे आवडतंय, हे इंद्रजीतच्या लगेच ध्यानात आलं, कारण असलं त्याच्या फार लवकर ध्यानात येतं. तो आधी शेंद्र्याच्या कारखान्यात सुपरवायझर होता. आता कारखान्या-कारखान्यांतून कामगारांना व्यक्तिमत्त्व विकासाची भाषणं देतो. त्यानं आईची ती बोलणी मोबाइलवरच्या आपल्या पानावर टाकायला सुरुवात केली. वर नाव दिलं, 'आवडाबाईचं परखड मत'. लोक हसायचे, हसून रडणारी चित्रं पाठवायचे. आवडाबाईला ती चित्रं दिसत नव्हती. लोक आपलं ऐकतात एवढंच तिला कळायचं, आणि त्यात ती खूश होती.

पण तिचं खरं बोलणं व्हायचं ते थोरल्या लेकाशी, भिकनशी. तो देवगावलाच. अद्रक, मका, दोन म्हशी. आठवीतून त्यानं शाळा सोडली ती बापाच्या पाठीला दुखणं लागलं म्हणून. इंद्रजीत तेव्हा दुसरीत होता. वाचायला भिकनला जड जायचं, म्हणून आईनं त्याला पण ऐकायचं वेड लावलं. रानात पाणी देताना तो खिशात मोबाइल ठेवून मोठ्यानं पुस्तक लावायचा. तिन्हीसांजेला, धारा काढून झाल्या की त्याचा फोन यायचा.

"माय, ते माशांचं पुस्तक ऐकलं. लई भारी."

"तुला सगळंच भारी वाटतं. समुद्राचं सांगता सांगता तो तिसऱ्यांदा आपल्या बायकोच्या हातच्या कालवणावर आला, ते नाय दिसलं?"

"आसंल की त्याची बायको सुगरण," भिकन म्हणायचा आणि हसायचा. कुठल्याच पुस्तकाला त्यानं कधी नाव ठेवलं नाही. तो असाच आहे. ह्या दोघांचं ते बोलणं रोज चालायचं, आणि त्याच्यावर आवडाबाईचा दिवस तरायचा.

अशात इंद्रजीतनं पुस्तक केलं. स्वतःच्या आयुष्याचं, स्वतःच्या आवाजात. रविवारी मोठ्या हॉलमध्ये प्रकाशन आणि त्याच दिवशी ते सगळ्यांच्या मोबाइलवर येणार. आईच्या मोबाइलवर त्यानं चार दिवस आधीच घातलं. "आई, रविवारी तू स्टेजवर यायचं आणि नेहमीसारखं परखड बोलायचं. लोक खास तुझ्यासाठी येणारेत." आवडाबाईचा ऊर भरून आला. लेकाचं पुस्तक! तिनं दुपारचं जेवणसुद्धा लवकर उरकलं आणि गॅलरीत जाऊन बसली.

पहिल्या प्रकरणात इंद्रजीत हंडाभर पाण्यासाठी अनवाणी कोस-कोस चालला. आवडाबाई खुदकन हसली. विहीर घरामागं होती, आणि पायात चप्पल घाल म्हणून त्याच्या मागं पळून तिचा जीव जायचा. दुसऱ्यात तो कंदिलाखाली शिकला. कंदील होता खरा, पण लाइट गेल्यावर लावायचा. जाऊ दे, ती म्हणाली, तिखटमीठ लावल्याशिवाय लोक ऐकत नाहीत. तिसरं प्रकरण सरळ होतं. मग चौथं लागलं. त्याचं नाव 'नावात नशीब'.

"आम्ही दोघं भाऊ," इंद्रजीत सांगत होता, आवाज जरा वर चढवून. "एकच आई, एकच शेत, एकच चूल. थोरल्याचं नाव भिकन. भिकन म्हणजे भिकेचा. ज्याला रोज भिकेचा म्हणून हाक मारली, तो काय स्वप्न बघणार? त्यानं शाळा सोडली. तो आजही त्याच बांधावर उभा आहे. माझं नाव इंद्रजीत, इंद्राला जिंकणारा. मित्रांनो, स्वतःला विचारा, तुम्ही कोण? भिकन की इंद्रजीत?"

आवडाबाईनं कानातली वायर उपसून काढली. खाली रस्त्यावर रिक्षांची कावकाव चालली होती, ती तिला ऐकू आली, आणि मग तिला काहीच ऐकू येईना.

भिकनच्या आधी तिला दोन मुलगे झाले होते. पहिला पाचवी पुजायच्या आत गेला. दुसरा पालथा पडायला लागला होता, हसायला लागला होता, आणि गेला. तिसऱ्या वेळी सासूनं, लक्ष्मीबाईनं, तिला जवळ बसवून सांगितलं: हे लेकरू आपलं म्हणायचं नाही, मागून आणलेलं म्हणायचं. म्हणजे मरण त्याच्याकडं बघणार नाही. मग ओल्या अंगाची, बारा एकराच्या घरची सून, अनवाणी पायांनी, पदर पसरून पाच दारांत उभी राहिली. "माई, भीक वाढा," असं तोंडानं म्हणावं लागतं, मुक्यानं चालत नाही. एका दारात मूठभर ज्वारी मिळाली, एका दारात फाटकं धोतर, एका दारातली बाई तर गंमत वाटून हसली. पाचवं दार म्हणजे शिवारातलं मेंढपाळांचं पाल. तिथं बानाबाईनं आपल्या लेकराच्या डोक्याची कुंची काढून दिली आणि म्हणाली, जगंल गं हा. भिकेच्या ज्वारीची पेज आवडाबाई प्यायली, भिकेच्या चिंध्यांचं अंगडं लेकराला घातलं, आणि त्याचं नाव ठेवलं भिकन. सासूनं आणखी एक बजावलं होतं, की असल्या लेकराचं कौतुक चारचौघांत करायचं नसतं. तिनं कधी केलं नाही. इंद्रजीतचे मुके घेतले, त्याला बाळराजे म्हटलं, भिकनला जन्मभर "ए भिकन, मेल्या, इकडं ये." आणि मुळात इंद्रजीतला इंद्रजीत म्हणायची छाती झाली ती कशानं? थोरला जगला म्हणून. भीती सरली म्हणून. नाहीतर ह्याला पण उकिरड्यावर लोळवून उकिरडा हेच नाव ठेवावं लागलं असतं!

संध्याकाळी इंद्रजीत घरी आला तेव्हा ती दारातच उभी होती.

"चौथं प्रकरण काढ."

"आई, आत तरी येऊ दे. काय झालं?"

"भिकनचं नाव काऊन ठेवलं ते तुला ठाऊक नाय का?"

तिला वाटलं होतं तो नाही म्हणेल. नाही म्हणाला असता तर तिनं त्याला सगळं सांगितलं असतं, आणि रडून मोकळी झाली असती. तो बूट काढत म्हणाला, "माहितीय की. आजीनं सांगितलं होतं. पण ते घातलं तर प्रकरण उभं राहत नाही ना आई. लोकांना सोपं उदाहरण लागतं. पुस्तक काढणाऱ्या कंपनीवाल्यांना सगळ्यात जास्त तेच आवडलंय."

"माहीत असून लिहिलं?"

"दादाला कुठं वाईट वाटतं? त्याला कधी रागावलेला पाहिलास?"

"तो रागावत नाय म्हणून त्याच्यावर पाय देऊन उभं राहायचं व्हय रे? तू दुसरीत होता तव्हा तो औताला लागला. तुझी फी गेली ती त्या बांधावरून गेली, ज्याच्यावर तो अजून उभा हाय म्हणतो तू!"

इंद्रजीतनं मग कामगारांना लावतो तो समजुतीचा सूर लावला. रेकॉर्डिंग झालं आहे, आता काही हलत नाही, पण दोन महिन्यांनी दुरुस्ती करता येते. तेव्हा काढू. रविवारच्या कार्यक्रमात ते प्रकरण अजिबात वाजणार नाही, शब्द देतो. "फक्त तू त्या दिवशी तमाशा करू नको. चारशे लोक येणारेत." आवडाबाईनं ते कबूल केलं. तिला दुसरं काही नको होतं. भिकनच्या कानावर ते पडायच्या आत निघालं पाहिजे, एवढंच हवं होतं.

त्या सांजेला फोनवर ती जन्मात पहिल्यांदा एका पुस्तकाबद्दल खोटं बोलली. म्हणजे तसं पूर्ण खोटंही नव्हतं. "ऐकलं मी इंद्रजीतचं. लई लांबण लावलीय. तू नको ऐकू इतक्यात, दोन महिन्यांनी नवं येणाराय, सुधारून. ते ऐक."

"आगं भावाचं पुस्तक, आन् ऐकू नको म्हणती?" भिकन हसला. "मी तर पांढरा शर्ट शिवायला टाकलाय. आपल्या आळीतली जीपभर माणसं आणतो रविवारी."

"कामून आणतो रे इतकी माणसं? ढोरं कोण बघंल?"

"बघंल कुणी बी. एवढा मोठा दिस हाय."

रविवारी हॉल गच्च भरला. शेंद्र्याचे कामगार, त्यांचे साहेब, कुणी एक उद्घाटक, फुलांच्या कमानी. आवडाबाईला स्टेजवर खुर्ची दिली. तिला दिसत काही नव्हतं, पण देवगावची माणसं कुठं बसलीत ते तिला खोकण्यावरून कळलं. उजव्या हाताला, पुढंच. भिकननं खालूनच हाक मारली, "माय, मी इथं हाय." त्याचा आवाज नवा शर्ट घातलेल्या माणसासारखा होता, जरा आखडलेला.

सत्कार झाले, नारळ झाले. मग सूत्रसंचालन करणारी मुलगी म्हणाली, आता ऐकूया पुस्तकातला सगळ्यात गाजणारा भाग. आणि त्या मोठ्या भोंग्यांतून, हॉलच्या चारी कोपऱ्यांतून, इंद्रजीतचा आवाज आला. "आम्ही दोघं भाऊ. एकच आई, एकच शेत, एकच चूल..."

आवडाबाईनं बाजूला हात चाचपला. इंद्रजीतचा कोट हाती लागला. "बंद कर," ती म्हणाली. तो तिच्या कानाशी वाकून कुजबुजला, "कंपनीवाल्यांनी निवडलं आई, मी काय करू?" वरून 'भिकन की इंद्रजीत' झालं, आणि पढवून ठेवल्यासारखा सगळा हॉल ओरडला, "इंद्रजीत!" टाळ्यांचा नुसता पाऊस. उजव्या हाताला, पुढच्या रांगांत, खोकणंसुद्धा थांबलं होतं.

माइक तिच्या हातात आला. "आता परखड मत!" मुलगी किंचाळली.

"हे पुस्तक खोटं हाय," आवडाबाई म्हणाली.

हॉल खो खो हसला. शिट्ट्या आल्या. ज्या बाईनं आजवर सगळ्यांना हसवलं, ती आत्ताही हसवतेय असंच लोकांना वाटलं. इंद्रजीत दुसऱ्या माइकवर म्हणाला, "बघा, मी म्हणालो नव्हतो? आमची आई पोटच्या पोरालाही सोडत नाही!" आणखी हशा. ती म्हणाली, "हसू नका रे," तरी हसले. तेव्हा तिचा तोल गेला. जे तिनं कुणापुढं कधी काढलं नव्हतं, ते तिनं चारशे लोकांपुढं काढलं. दोन पोरं गेल्याचं सांगितलं. पाच दारं सांगितली. ज्वारी, धोतर, हसलेली बाई, बानाबाईची कुंची, सगळं. "माझा भिकन भिकारी नाय," ती ओरडली, "भीक मी मागितली! त्याच्यासाठी मागितली! माझा सोन्यासारखा लेक हाय तो, लाखात एक हाय, तिथं बसलाय बघा, बघा त्याच्याकडं!"

आणि लोकांनी बघितलं. खुर्च्या करकरल्या, माना वळल्या, मोबाइल वर गेले. बाया डोळे पुसायला लागल्या. मग टाळ्या सुरू झाल्या, आधीपेक्षा मोठ्या, लोक उभे राहून वाजवायला लागले. इंद्रजीतनं तिला मिठी मारली. त्याचे डोळेही ओले होते, खोटं का बोला. पण माइक बाजूला गेल्यावर तो तिच्या कानात म्हणाला, "आई, काय बोललीस गं! हे आपण दुसऱ्या भागात घेऊ."

जेवणाच्या वेळी तिनं भिकनला शोधायला श्रेयाला पाठवलं. श्रेया परत येऊन म्हणाली, जीप गेली. म्हशींची वेळ झाली म्हणत होते दादा.

त्या सांजेला फोन आला नाही. दुसऱ्या सांजेला पण नाही. इंद्रजीतनं आईचं बोलणं पानावर टाकलं होतं, आणि आजवरच्या सगळ्या मतांपेक्षा ते जास्त चाललं. श्रेया आकडा सांगायला आली, तशी आवडाबाई तिच्या अंगावर ओरडली. मोबाइलवरचं पुस्तक तिनं त्यानंतर एकदाही लावलं नाही. तिसऱ्या दिवशी न राहवून तिनंच फोन लावून मागितला.

"भिकन, बाळा..."

"माय," तो म्हणाला. "एक सांगू? राग मानू नको."

"बोल की रे."

"ते नाव नको घेत जाऊ आता. पोरगी बारावीला हाय. कॉलेजातल्या सगळ्यांच्या मोबाइलवर गेलंय ते. भिकेची भिकेची करून चिडवतेत तिला. तू आपलं नुसतं दादा म्हण. नाय तर काहीच म्हणू नको, आवाज वळखतो मी तुझा."

"आरं पण मी सांगितलं ना सगळ्यांना, काऊन ठेवलं ते! तुझी बाजूच घेतली ना मी?"

"घेतली की. त्यानं सांगितलं तव्हा मी भिकारी झालो, तू सांगितलं तव्हा बिचारा झालो. मला दोन्ही नको व्हतं माय. चारशे माणसं माझ्याकडं बघत व्हती. मी शर्टाची गुंडी बघत बसलो." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "जाऊ दे. आता लाइट आलीय, मोटर चालू करायला विहिरीवर चाललो."

"बरं," आवडाबाई म्हणाली.

असल्या नावाच्या तोडग्यांवर आता आपला इश्वास नाय, असं ती पुस्तकं ऐकून ऐकून सांगायला लागली होती, अगदी परखडपणे. पण राखणारं नाव आता उतरलं होतं, आणि कौतुक चारचौघांत होऊन गेलं होतं, आणि चाळिशी उलटलेल्या त्या बाप्याच्या जिवाची भीती बाळंतिणीच्या खोलीत वाटली होती तशीच्या तशी परत आली.

"विहिरीवर जपून जा रे," ती म्हणाली, आणि सवयीनं पुढं नाव घ्यायला उघडलेलं तोंड तिनं तसंच मिटून घेतलं.